ओल्या काचेवरची मुंबई

(मुलुंड येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



विषय फोटोचा आहे आणि मंचावर पडदा नाही, हे पाहून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडदा मुद्दामच लावलेला नाही. जुन्या मुंबईचे फोटो दाखवायला घेतले की सभागृह लगेच फोटोच्या आत शिरतं. हा भायखळ्याचा पूल का? ती ट्राम कुठली? तो पागोटेवाला कोण? फोटो झाला कसा, हे मात्र कुणी विचारत नाही. आज तेवढंच विचारायचं आहे, आणि त्याला पडदा लागत नाही.

१८५५ सालच्या मुंबईत एखाद्याला फोटो काढायचा असेल, तर त्याला काय काय लागत होतं? कॅमेरा लागायचा, हे उघड आहे. पण कॅमेरा ही त्या पसाऱ्यातली सर्वांत सोपी वस्तू. पुढे भिंग, मागे दुधी काच, मध्ये काळोख. भिंग विलायतेहून आलं की पेटी कुणीही चांगला सुतार करून देईल. अडचण होती ती त्या काळोखात ठेवायचं काय, याची. प्रकाश पडताच बदलेल आणि एकदा बदलल्यावर तिथेच थांबेल, असा पदार्थ हवा होता. बदलणारे पदार्थ रसायनशास्त्राला आधीपासून माहीत होते. त्यांना थांबवायचं कसं, हे माहीत नव्हतं. सगळी धडपड त्यासाठी झाली.

बोलण्याचा क्रम असा राहील. आधी शोधाची हकिगत. मग तो शोध मुंबईत कुणाच्या हातात पडला, ते. आणि शेवटी त्या काचेला मुंबई कशी दिसली, ते. शेवटच्या भागाला वेळ जास्त लागेल, म्हणून सुरुवातीच्या दोन थोर माणसांवर थोडा अन्याय होणार आहे. त्यांची चरित्रं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतात. ते रागावणार नाहीत.

पहिला थोर माणूस फ्रान्सचा लुई दागेर. त्याच्या आधी त्याचा भागीदार नीएप्स यानं १८२६-२७ च्या सुमारास डांबराच्या जातीचा एक पदार्थ पत्र्यावर फासून आपल्या खिडकीबाहेरचं दृश्य पकडलं होतं. नीएप्स १८३३ मध्ये वारला. ७ जानेवारी १८३९ रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत आरागो या शास्त्रज्ञानं दागेरच्या शोधाची घोषणा केली आणि १९ ऑगस्टला कृती जाहीर झाली. फ्रेंच सरकारनं दागेरला आणि नीएप्सच्या मुलाला पेन्शन बांधून दिली आणि शोध जगाला खुला केला. जगाला म्हणजे इंग्लंड सोडून, कारण दागेरनं तिथलं पेटंट पाच दिवस आधीच गुपचूप मागून ठेवलं होतं! चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आयोडीनच्या वाफेवर धरायचा, कॅमेऱ्यात घालायचा आणि नंतर तापवलेल्या पाऱ्याच्या वाफेवर चित्र उमटवायचं. चित्र अप्रतिम यायचं. पण एकच यायचं, त्याची प्रत निघत नसे. आणि आरशातल्यासारखं उलटं यायचं. डावा खांदा उजवा, उजवा हात डावा. भारतात ही बातमी किती लवकर पोचली? १८४० च्या जानेवारीत कलकत्त्याची थॅकर कंपनी दागेरच्या कॅमेऱ्यांची जाहिरात करत होती. 

दुसरा थोर माणूस इंग्लंडचा फॉक्स टॅल्बट. त्याचं चित्र कागदावर. आधी उलट्या छायाप्रकाशाचा कागद, म्हणजे निगेटिव्ह, आणि त्यावरून हव्या तेवढ्या सुलट प्रती. पुढच्या दीडशे वर्षांच्या फोटोग्राफीचा पाया हाच. पण कागदाला धागे असतात, आणि निगेटिव्हमधले धागे प्रतीत उतरतात. चेहऱ्यावर वाळू भुरभुरल्यासारखी दिसते. शिवाय टॅल्बटनं १८४१ मध्ये पेटंट घेतलं आणि ते जिवापाड सांभाळलं.

म्हणजे एकाकडे बारकावा होता, प्रती नव्हत्या. दुसऱ्याकडे प्रती होत्या, बारकावा नव्हता. दोन्ही एकत्र आणायचं तर कागदाच्या जागी काच हवी. पण काच गुळगुळीत. तिच्यावर रसायन चिकटवायचं कशानं?

इथे तिसरा माणूस येतो, आणि त्याचं नाव या सभागृहातल्या फार थोड्यांनी ऐकलेलं असेल. फ्रेडरिक स्कॉट आर्चर. खाटकाचा मुलगा. लंडनमध्ये एका चांदीच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी केली, मग शिल्पकार झाला. अर्धपुतळे घडवायचे तर गिऱ्हाईक तासन् तास बसत नाही, म्हणून १८४७ च्या सुमारास तो टॅल्बटच्या पद्धतीनं फोटो काढायला लागला आणि कागदाच्या धाग्यांना वैतागला. त्याच्या हाती लागला कोलोडियन. शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञानं १८४६ मध्ये कापसावर तीव्र आम्लांची क्रिया करून एक स्फोटक कापूस तयार केला होता. तो ईथर आणि अल्कोहोलच्या मिश्रणात विरघळला की चिकट, पारदर्शक पाक होतो, आणि वाळला की पातळ, चिवट पापुद्रा. हाच कोलोडियन. त्याचा पहिला उपयोग कुठे झाला? दवाखान्यात. डॉक्टर तो जखमेवर लावायचे. हा दवाखाना लक्षात ठेवा, तो पुन्हा लागणार आहे.

आर्चरनं हा पाक काचेवर ओतला आणि मार्च १८५१ मध्ये सगळी कृती एका रसायनविषयक मासिकात छापून टाकली. पेटंट घेतलं नाही. त्याच सुमारास फ्रान्सच्या ल ग्रेलाही कोलोडियन सुचला होता, त्यामुळे पहिलं कोण हा वाद राहिला. पण वापरता येईल अशी पूर्ण कृती आर्चरची. गंमत म्हणजे त्याच्या शोधावरही टॅल्बटनं हक्क सांगितला. डिसेंबर १८५४ मध्ये लंडनच्या कोर्टात पंचांनी निकाल दिला की टॅल्बट हा निगेटिव्हच्या पद्धतीचा जनक खरा, पण कोलोडियन वापरणाऱ्यानं त्याचं पेटंट मोडलेलं नाही. फोटोग्राफर मोकळे झाले. आर्चर १८५७ मध्ये विपन्नावस्थेत वारला. त्याच्या मुलांसाठी वर्गणी काढावी लागली, आणि सरकारनं वर्षाला ५० पौंड मंजूर केले. पुढची तीस वर्षं जगभरच्या स्टुडिओंचे गल्ले त्याच्या कृतीवर भरत होते.

आता ती कृती. सावकाश सांगायला हवी, कारण मुंबईची पुढची सगळी गोष्ट या कृतीतून निघते.

अंधारखोली. मिणमिणता पिवळा उजेड. काच स्वच्छ घासून एका कोपऱ्यात अंगठ्यानं आणि बोटांनी धरायची. मध्यावर आयोडाइड घातलेला कोलोडियन ओतायचा आणि तव्यावर घावनाचं पीठ पसरवावं तशी काच कलती करत तो चारी कोपऱ्यांना न्यायचा. उरलेला बाटलीत परत. ईथर उडून जातं, थर जरा आवळतो. पूर्ण सुकायच्या आत काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. दोन-तीन मिनिटांत थर सायीसारखा पांढुरका होतो. आता ती प्रकाशाला संवेदनशील झाली. ठिबकत असतानाच बंद चौकटीत घालायची, कॅमेऱ्याकडे धावायचं, भिंगावरचं झाकण काढायचं, आकडे मोजायचे, झाकण लावायचं, अंधारखोलीत परत यायचं आणि काचेवर एका झटक्यात डेव्हलपर ओतायचा. धुवायची. हायपोमध्ये किंवा पोटॅशियम सायनाइडमध्ये चित्र कायम करायचं. पुन्हा धुवायची, सुकवायची, दिव्यावर शेकायची, वरून व्हार्निश.

सगळं काच ओली असताना. सुकली की संपलं. थराच्या आतपर्यंत डेव्हलपर शिरतच नाही. लंडनमध्ये यासाठी दहाएक मिनिटं मिळायची. आणि मुंबईत?

ईथर साडेचौतीस अंश सेल्सियसच्या आसपास उकळतं. मुंबईतला मे महिना किती अंशांचा असतो, हे मुलुंडकरांना सांगायला नको. बाटलीचं बूच काढलं की निम्मं ईथर हवेत, आणि शेजारी उघडी ज्योत असेल तर फोटोग्राफरही हवेत. पाण्याची तऱ्हा आणखी वेगळी. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाचा अंश असलेल्या पाण्याचे थेंब पडले की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बसतो आणि महागाची चांदी तळाला जाते. तेव्हाची मुंबई विहिरी-तळ्यांवर जगणारी. विहिरी किती ठिकाणी मचूळ! १८५६ पासून तुमच्या या मुलुंड-भांडुपच्या डोंगरापलीकडे विहार तलावाचं काम सुरू झालं आणि १८६० मध्ये पुरं झालं, तेव्हा कुठे शहराला नळाचं गोडं पाणी मिळालं. त्याच्या आधी ज्यांनी काचा धुतल्या, त्यांनी एकेक घागर मोजून वापरली असणार.

मग एवढा खटाटोप मुंबईत कुणी केला असेल? आपण आलो दुसऱ्या मुद्द्याकडे.

३ ऑक्टोबर १८५४ रोजी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भारतातली पहिली. कलकत्ता आणि मद्रास यांच्या संस्था १८५६ च्या. लंडनची संस्था १८५३ ची, म्हणजे मुंबई तिच्यापेक्षा पावणेदोन वर्षांनी मागे. पण फ्रान्सची राष्ट्रीय संस्था १५ नोव्हेंबर १८५४ ची. ज्या देशानं फोटो जगाला दिला, त्याच्या संस्थेपेक्षा मुंबईची संस्था सहा आठवड्यांनी मोठी! तेव्हा बोरीबंदर-ठाणे आगगाडी सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. विद्यापीठ व्हायचं होतं, पहिली कापडगिरणी चालू व्हायची होती. वर्षभरात सोसायटीचे सभासद दोनशेच्या वर गेले. अध्यक्ष कॅप्टन हॅरी बार, आणि सभासदांत साहेबांचा भरणा, हे खरंच. पण त्यांत एक नाव आपल्या ओळखीचं आहे. डॉक्टर भाऊ दाजी लाड.

भाऊ दाजी म्हटलं की भायखळ्याचं म्युझियम आठवतं, शिलालेखांचं वाचन आठवतं, कुष्ठरोगावरचे प्रयोग आठवतात. १८६२ च्या महाराज लायबल खटल्यात भर कोर्टात साक्ष देणारे डॉक्टर तेच. पेडण्याजवळच्या मांद्र्याचा मुलगा, एल्फिन्स्टनमध्ये शिकला, तिथेच शिकवू लागला, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून १८५१ मध्ये पदवीधर झाला. वर्ष पाहा. १८५१, आर्चरची कृती छापून आली ते वर्ष. त्यांचे धाकटे बंधू डॉक्टर नारायण दाजी तर फोटोग्राफीत भावाच्या पुढे गेले. सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर ते होते, आणि १८५७ मध्ये कलकत्त्याच्या प्रदर्शनातही त्यांचे फोटो मांडलेले होते.

दोघं भाऊ, दोघंही डॉक्टर. योगायोग म्हणायचा?

आता तो दवाखाना आठवा. १८५० च्या दशकातल्या डॉक्टरचं औषधांचं कपाट उघडू या. त्यात ईथर आहे, शस्त्रक्रियेआधी हुंगवायला. १८४६ पासून त्याचा बोलबाला. कोलोडियन आहे, जखमेवर लावायला. सिल्व्हर नायट्रेटची कांडी आहे, चामखीळ आणि व्रण डागायला. पोटॅशियम आयोडाइड आहे, गलगंडापासून गरमीपर्यंत सगळ्याला. अल्कोहोल आहेच. फोटोची जवळजवळ सगळी सामग्री एका कपाटात तयार! शिवाय तराजू, मापं, गाळणकागद, काचेच्या दांड्या, आणि विष हाताळायची सवय. भिंग तेवढं बाहेरून आणायचं. मुंबईत फोटोग्राफी चित्रकारांच्या आधी डॉक्टरांना साधली, याचं कारण त्यांची कलादृष्टी नसावी. त्यांचं कपाट असावं. सर जे. जे. कलाशाळा तर मुंबईत १८५७ मध्ये सुरू झाली.

डॉक्टरांसारखाच दुसरा वर्ग यंत्रज्ञांचा. माझगावचे अर्देशर करसेटजी वाडिया हे जहाजबांधणीतले आणि वाफेच्या यंत्रांतले जाणकार. १८३४ मध्ये त्यांनी आपलं घर गॅसच्या दिव्यांनी उजळलं आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते पहिले भारतीय फेलो झाले. शिवणयंत्र, विजेनं मुलामा देण्याची कला आणि फोटोग्राफी मुंबईत आणण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. यादीतल्या शेवटच्या दोन गोष्टी एका माणसाला कशा सुचल्या, याचं नवल वाटायला नको. विजेचा मुलामा आणि फोटो, दोन्हीत चांदीचीच द्रावणं.

आणि तिसरा वर्ग विद्यार्थ्यांचा. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. क्रॉफर्ड नावाचे शिक्षक. त्यांच्या हाताखाली तयार झालेला एक विद्यार्थी म्हणजे हरिश्चंद्र चिंतामण. यानं पुढे मुंबईत स्टुडिओ काढला, शहरातल्या नामवंतांचे फोटो काढले, त्याचं काम १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनापर्यंत गेलं. मग गीतेवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, मुंबईच्या आर्यसमाजाचा अध्यक्ष झाला. १८७९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या ब्लाव्हाट्स्कीबाई आणि कर्नल ऑलकॉट मुंबई बंदरात उतरले, तेव्हा त्यांचा यजमान हाच. पाहुणचार झाला, स्वागतसमारंभ झाला, आणि नंतर पाहुण्यांच्या हातात सगळ्याचं बिल! ऑलकॉटनं आपल्या आठवणींत हे तक्रारीच्या सुरात लिहून ठेवलंय, आणि समाजासाठी पाठवलेली रक्कमही यानं पोचती केली नाही असा आरोपही केलाय. फोटोग्राफर म्हणून हरिश्चंद्रांचं मोल यानं कमी होत नाही. व्याख्यानात मात्र जरा रंग भरतो.

साहेब मंडळींपैकी एकाचंच नाव घेऊ, विल्यम जॉन्सन. सरकारी कारकून, मग दागेरोटाइपवाला, मग कोलोडियनवाला. हेंडरसन या जोडीदाराबरोबर त्यानं १८५६ ते १८५८ या काळात फोटोंचं एक मासिक चालवलं. त्या काळी शाईनं फोटो छापायची सोय नव्हती, त्यामुळे प्रत्येक अंकात खऱ्या फोटोच्या प्रती खळीनं चिकटवलेल्या असत. त्या प्रतींचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकानं माखलेला असे. मुंबईतल्या कडक शाकाहारी घरांतल्या भिंतींवर आजोबा-पणजोबांचे जे पिवळट फोटो हार घालून लावलेले होते, त्यांतल्या कितींत अंडं होतं, हे मालकांना माहीत नव्हतं, ते बरंच झालं.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर, काच ओली ठेवणारी कृती १८५१ ची, पेटंटाविना. ती तीन वर्षांत मुंबईत रुजली, आणि रुजवणारे डॉक्टर, यंत्रज्ञ, कारकून आणि कॉलेजातली मुलं. आता तिसरी गोष्ट. या काचेला काय दिसत होतं?

आपण समजतो, कॅमेरा जे असेल ते टिपतो. कोलोडियनची काच तसं करत नव्हती. तिला फक्त निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश दिसायचा. पिवळा जवळजवळ नाही, तांबडा मुळीच नाही. म्हणून तर अंधारखोलीत पिवळा दिवा चालायचा. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. निळं आकाश फोटोत पांढरं. ढग गायब. झाडं काळपट. आणि माणसं? कपाळावरचं कुंकू काळं. हळद काळपट. लाल पागोटं काळं. निळ्या चिटाचं लुगडं जवळजवळ पांढरं. फोटोतलं पागोटं काळं दिसलं म्हणून त्या जातीत काळं पागोटं बांधत असत, असा निष्कर्ष कुणी काढला तर? चुकेल. आणि असे निष्कर्ष काढलेच गेले नसतील, असं कोण म्हणेल?

पागोट्याचं सोडा, कातडीचं काय? सावळी, गव्हाळी त्वचा तांबडा-पिवळा प्रकाश पुष्कळ परावर्तित करते, निळा कमी. म्हणजे कोलोडियनच्या काचेवर गव्हाळ माणूस प्रत्यक्षापेक्षा काळा यायचा, आणि गोऱ्या साहेबाशेजारी उभा केला की अंतर आणखी वाढायचं. काचेचा यात कसलाही हेतू नव्हता. तो रसायनाचा गुण. पण त्या काचांचा उपयोग कशासाठी झाला, ते पाहा. १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड निघाले. जातीजमातींचे साडेचारशेहून अधिक फोटो आणि प्रत्येकाखाली माहिती, ही जात अशी दिसते, तशी वागते. जॉन्सननंही १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंड काढले. त्यात तर आणखी करामत आहे. माणसं स्टुडिओत बसवून त्यांचा फोटो एका काचेवर, मुंबईची इमारत किंवा समुद्रकिनारा दुसऱ्या काचेवर, आणि दोन्ही मिळून एक चित्र. ती माणसं त्या किनाऱ्यावर कधी उभीच नव्हती! आज अशी चित्रं मोबाइलवर कुणी बनवली की आपण खोटं खोटं म्हणून ओरडतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या खंडांना मात्र दस्तऐवज म्हणतो. जॉन्सनला लबाड ठरवण्यात अर्थ नाही. स्टुडिओतला उजेड आणि किनाऱ्यावरचं ऊन एका काचेवर साधेना, म्हणून त्यानं वाट काढली. त्याच्या चित्रातले कपडे, दागिने, बसण्याची ढब हे सगळं मोलाचंच आहे. फक्त पाहणाऱ्यानं शिवण कुठे आहे, ते ओळखावं.

आता काळाचा प्रश्न. चांगल्या उन्हात काचेचं दोन-तीन सेकंदांत भागायचं, सावलीत वीस, कधी अधिक. तेवढ्यात चालणारा माणूस धूसर होतो. म्हणून त्या काळच्या फोटोंत भर बाजारातले रस्तेही ओस दिसतात आणि इमारती भव्य. हसू नाही, कारण वीस सेकंद खरं हसू टिकत नाही. डोकं हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी चिमटा असायचा. पूर्वज एवढे कडक का दिसतात, याचं अर्धं उत्तर त्या चिमट्यात आहे.

बोरिवलीची कान्हेरी, अंधेरीची महाकाली, जोगेश्वरी, मंडपेश्वर. या लेण्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या उपनगरांना पुढचा भाग जवळचा वाटेल. लेण्यात उजेड कमी, म्हणून काच अर्धा अर्धा तास उघडी ठेवावी लागणार. पण अर्ध्या तासात ती सुकणार. म्हणजे जिथे सर्वांत जास्त वेळ हवा, तिथेच तो मिळत नाही. यावर उतारा होता. ल ग्रेचा मेण लावलेला कागद. तो आदल्या दिवशी तयार करून दुसऱ्या दिवशी वापरता यायचा. बारकावा थोडा कमी, पण सोबत तंबू आणि घागरी नकोत. मुंबई सरकारनं १८५५ मध्ये कॅप्टन बिग्ज यांना आणि मग डॉक्टर पिगू यांना विजापूर, बदामी, ऐहोळेकडच्या वास्तूंचे फोटो काढायला नेमलं, तेव्हा त्यांनी कागदच पसंत केला. पिगू हे पुन्हा डॉक्टरच, ध्यानात आलं ना? पुढे १८६६ मध्ये या फोटोंचे मोठे ग्रंथ लंडनला निघाले, त्या मालेच्या खर्चाला प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांचा मुंबईतला कापसाचा पैसा होता. ग्रंथ बाहेर पडले, तोवर शेअरबाजार कोसळून प्रेमचंद स्वतःच बुडाले होते. आणि कान्हेरीचे शिलालेख? ते १८६० च्या सुमारास एडवर्ड वेस्ट या रेल्वे इंजिनियरनं हातानं उतरवून घेतले. कॅमेरा देशात येऊन वीस वर्षं झाली, तरी हाताचं काम उरलंच होतं.

सर्वांत बोलकी गोष्ट अजिंठ्याची. मेजर रॉबर्ट गिल यांना कंपनी सरकारनं १८४४ मध्ये तिथल्या भित्तिचित्रांच्या रंगीत नकला करायला पाठवलं. वर्षानुवर्षं ते तिथेच राहिले, तैलरंगात मोठमोठ्या नकला केल्या. मधेच कॅमेराही शिकले. वास्तुइतिहासकार फर्ग्युसन यांच्या लेण्यांवरच्या १८६४ च्या पुस्तकात फोटो त्यांचे आहेत. मग हातात कॅमेरा आल्यावर त्यांनी भित्तिचित्रांचेच फोटो काढून का मोकळं होऊ नये? कारण अजिंठ्याचे मुख्य रंग गेरू आणि पिवळी माती. तांबडा आणि पिवळा! कोलोडियनच्या लेखी काळोख. पद्मपाणीची त्वचा, मागची भिंत, वेलबुट्टी, सगळं एकच काळं. उजळ यायचा तो तेवढा निळा दगडी रंग आणि चुन्याचा पांढरा. म्हणून गिल खांबांचे, कमानींचे, स्तूपांचे फोटो काढत राहिले आणि चित्रं हातानंच रंगवत राहिले. आणि मग डिसेंबर १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली. गिल यांच्या बहुतेक नकला तिथे टांगलेल्या होत्या, त्या जळाल्या. फोटो दुसरीकडे होते, पुस्तकांत होते, त्यांच्या प्रती होत्या. ते वाचले. वीस वर्षांच्या कष्टांपैकी जे कागदावर अनेकांत वाटलं गेलं, बहुतांशी तेच उरलं. जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुढे पुन्हा नकला केल्या, आणि १८८५ मध्ये लंडनलाच त्यांतल्या अनेक आगीत गेल्या. अजिंठ्याच्या नकलांना लंडन काही लाभलं नाही.

ओल्या काचेचं राज्य संपवलं तेही एका डॉक्टरनं! इंग्लंडच्या रिचर्ड मॅडॉक्स यानं १८७१ मध्ये कोलोडियनच्या जागी जिलेटिन वापरायची युक्ती छापली. ईथरच्या वासानं त्याची प्रकृती बिघडत होती. दहा वर्षांत कोरड्या काचा कारखान्यातून डब्यात बंद होऊन येऊ लागल्या. आता फोटोग्राफरला रसायनं मुरवायची गरज उरली नाही. डॉक्टरांचं कपाट सुटलं, आणि धंदा स्टुडिओवाल्यांच्या हाती गेला. लाला दीनदयाळ १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ थाटतात, सावेदादा भाटवडेकर आपला स्टुडिओ चालवता चालवता सिनेमाचा कॅमेरा मागवतात आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवरची कुस्ती टिपतात. धुंडिराज गोविंद फाळके बडोद्याच्या कलाभवनात फोटोच्या सगळ्या प्रक्रिया शिकतात आणि लोणावळ्याजवळच्या रविवर्मा छापखान्यात त्या राबवतात. कलाभवन काढणारे प्राध्यापक गज्जर हेही रसायनशास्त्रज्ञच. मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला चाफेकरांनी डांबर फासलं होतं, तो डाग काढून देणारे गज्जर ते हेच. फाळक्यांची गोष्ट मोठी आहे, तिला वेगळं व्याख्यान हवं.

शेवटी एक कामाची सूचना. गिरगाव-दादरच्या चाळी सोडून लोक मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीला आले, तेव्हा सामानात जुन्या ट्रंकाही आल्या. त्यांत कधी कधी काचेच्या निगेटिव्ह निघतात. काच निघाली तर आधी तिचे कोपरे बघा. थर अगदी कडेपर्यंत एकसारखा असेल तर ती कारखान्याची कोरडी काच, १८८० नंतरची. थर कडेला वेडावाकडा असेल आणि एका कोपऱ्यात अंगठ्याएवढी जागा कोरी असेल, तर ती हातानं ओतलेली, कोलोडियनची असू शकते. दोन्हींचं पथ्य वेगळं आहे. कोरड्या काचेला पाणी लावू नका, जिलेटिन फुगून सुटतं. कोलोडियनच्या काचेला स्पिरिट लावू नका, व्हार्निश आणि चित्र दोन्ही विरघळतात. एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा, प्रत्येकीला वेगळं कागदी पाकीट, आणि पाकिटावर पेन्सिलीनं नावं. काच आत घालण्याच्या आधी लिहा, नंतर नको. भंगारवाल्याला देण्याआधी एखाद्या संग्रहालयाला जरूर विचारा.

आता प्रश्न घेऊ. चिठ्ठ्या पुढे पाठवा, आणि कुणी घरून काच आणली असेल तर ती हातोहात फिरवू नका, टेबलावर आणून ठेवा.